अचूक हाताचा मॅथ्यूसन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्व्हेनिया नावाचे एक राज्य आहे. त्याच्या ईशान्य भागात, डोंगरांच्या कुशीत, फॅक्टरीव्हिल हे एक लहानसे गाव वसले आहे. नाव ऐकून तेथे कारखान्यांची धुराडी आकाशात धूर सोडीत असतील असे वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते एक शांत खेडे होते. या गावी १२ ऑगस्ट १८८० रोजी गिल्बर्ट व मिनर्व्हा मॅथ्यूसन या दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव क्रिस्टोफर. पुढे सारी अमेरिका त्याला क्रिस्टी या लाडक्या नावाने ओळखू लागली.

मॅथ्यूसनांचे घर धर्मशील होते. रविवार हा ईश्वराच्या उपासनेचा वार. त्या दिवशी खेळ नाही की व्यवहार नाही, असा घरचा शिरस्ता होता. मुलाने शिकून सवरून धर्मोपदेशक व्हावे, अशी आईची मनीषा होती असे सांगतात. मुलाला मात्र वेड होते दगड फेकण्याचे. आपल्याकडील मुले चिंचा-कैऱ्या पाडण्यासाठी नेम धरतात, तसा क्रिस्टी दिसेल त्या खुणेवर नेम धरी. नात्यातील एका वडील मुलाने त्याला आणखी एक गंमत दाखविली होती. चपटा दगड विशिष्ट रीतीने पकडून फेकला, तर तो हवेतच वळण घेतो. दगडाचा आकार बदलला की वळणही बदलते. या खेळात क्रिस्टीने कितीतरी दुपारी घालविल्या. वाया घालविल्या असे त्या वेळी कोणी म्हटलेही असेल. परंतु चौदाव्या वर्षीच हा पोरगा गावच्या संघातून मोठ्या माणसांच्या बरोबरीने बेसबॉल खेळू लागला, तेव्हा त्या दुपारींचा हिशेब लागला.

पुढील हकीगत समजण्यासाठी बेसबॉलची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. क्रिकेटमध्ये गोलंदाज असतो, तसा बेसबॉलमध्ये पिचर असतो. पण गोलंदाजाचा चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन उसळतो. पिचरचा चेंडू टप्पा न घेता सरळ हवेतून जातो. पिचर आणि फलंदाजापुढील पांढरी पाटी यांच्यात साडेसाठ फुटांचे अंतर असते. चेंडू त्या पाटीवरून, फलंदाजाचे गुडघे आणि छाती यांच्या दरम्यान गेला पाहिजे. असे योग्य चेंडू फलंदाजाला तीन वेळा मारता आले नाहीत, की तो बाद होतो. उलट पिचरने चार चेंडू या चौकटीबाहेर टाकले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. असे चार तळ ओलांडून तो परत आला की एक धाव होते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. म्हणजे पिचरचे काम कठीण आहे ते असे: चेंडू चौकटीतून तर गेला पाहिजे, पण फलंदाजाला तो सापडता कामा नये. नुसती ताकद येथे उपयोगी पडत नाही.

गावातील कीस्टोन अकॅडमी या शाळेचा अभ्यासक्रम संपवून १८९८ मध्ये क्रिस्टी लुईसबर्ग येथील बकनेल विद्यापीठात दाखल झाला. सहा फुटांहून अधिक उंची, रुंद खांदे, सोनेरी केस, निळे डोळे आणि शांत बोलणे, असा हा तरुण पाहता पाहता साऱ्या विद्यापीठाचा आवडता बनला. अभ्यासात तो मागे नव्हता. विद्यार्थ्यांनी त्याला आपल्या वर्गाचा अध्यक्ष निवडले. तो वाङ्मय मंडळात जाई, गायकवृंदात गाई, बास्केटबॉल खेळे आणि फुटबॉलमध्ये तर त्याच्या पायाची कीर्ती त्याच्या हातापेक्षा अधिक होती! चेंडू हातातून खाली सोडून तो जमिनीवरून उसळताच लाथ मारायची आणि दोन खांबांच्या मधून पार करायचा, या कौशल्यात त्याचा हातखंडा होता.

या साऱ्या गुणांमुळे त्याच्यापुढे एक पेच उभा राहिला. शिक्षण पुरे करून प्रतिष्ठेचा एखादा पेशा पत्करावा, की बेसबॉल हाच व्यवसाय करावा? आज हा पेच आपणांस तितकासा मोठा वाटणार नाही. त्या काळी मात्र व्यावसायिक बेसबॉलला समाजात मान नव्हता. त्यातील कित्येक खेळाडू खाणीतून किंवा गिरणीतून आलेले, रांगडे, अल्पशिक्षित असत. मैदानावर पंचांना शिव्या देणे, प्रतिस्पर्ध्याच्या पायावर बुटाचे खिळे रोवणे, रात्री दारूच्या गुत्त्यात पगार उडविणे हे प्रकार नित्याचे होते. प्रेक्षकांत जुगाऱ्यांचा सुळसुळाट असे. चांगल्या खाणावळी या मंडळींना उतरून घ्यायला कां कूं करीत. अशा लोकांत सुशिक्षित घरातल्या मुलाने जावे, हे पुष्कळांना रुचणारे नव्हते. शिवाय हे लोक कॉलेजच्या मुलांची टवाळी करीत ते वेगळेच.

क्रिस्टीने प्रथम सुट्टीपुरता हा मार्ग चोखाळला. १८९९ च्या उन्हाळ्यात तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील टाँटन येथील संघात गेला. तेथे त्याच्या वाट्याला विजय थोडे आणि पराभवच पुष्कळ आले. संघ डबघाईस आला होता. ठरलेला पगारदेखील पुरता हाती पडला नाही. एखाद्याने बेसबॉलला तेथेच रामराम ठोकला असता. पण सुट्टीतल्या या भटकंतीत त्याला एक मोलाची वस्तू मिळाली. एक डावखुरा सोबती सरावाच्या वेळी चेंडू विचित्र रीतीने वळवीत असे. त्या खेळाडूला त्यावर ताबा नव्हता, म्हणून सामन्यात त्याचा काही उपयोग होत नसे. क्रिस्टीने ती युक्ती पाहून घेतली आणि आपल्या उजव्या हाताने तिचा नेटाने सराव आरंभिला.

त्याच वर्षीच्या शरदऋतूत बकनेलचा फुटबॉल संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी खेळण्यास फिलाडेल्फियाला गेला. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील बेसबॉल संघाचा चालक जॉन स्मिथ हाही तेथे आला होता. सामन्यापूर्वी त्याने क्रिस्टीला गाठले आणि पुढील हंगामासाठी दरमहा ८० डॉलर देऊ केले. सामना सुरू झाला. बकनेलचा पराभव झाला, तथापि क्रिस्टीने दोन वेळा दुरून लाथ मारून चेंडू खांबांमधून पार केला. स्मिथ इतका खूष झाला, की सामन्यानंतर त्याने आपला आकडा आपण होऊन ९० डॉलरवर नेला. बेसबॉलचा पगार फुटबॉलमुळे वाढावा, हा एक मौजेचाच योग म्हणायचा. मॅथ्यूसन पुढे ही गोष्ट मोठ्या गमतीने सांगत असे.

१९०० च्या उन्हाळ्यात नॉरफोकने आपले दहा डॉलर पुरेपूर वसूल करून घेतले. जुलैच्या मध्यापर्यंत क्रिस्टीने २० सामने जिंकले आणि अवघे २ हरले. एवढ्या कामगिरीनंतर मोठ्या शहरांतील संघांचे लक्ष त्याच्याकडे न जाते तरच नवल! फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणांहून मागणी आली. न्यूयॉर्क जायंट्स या संघाकडे चांगल्या पिचरांची वाण आहे, तेव्हा तेथे आपल्याला लवकर खेळावयास मिळेल, असा विचार करून त्याने न्यूयॉर्कची निवड केली. नॉरफोकला त्याच्याबद्दल १५०० डॉलर मिळावयाचे होते. विसाव्या वर्षी हा खेड्यातला मुलगा देशातील सर्वांत मोठ्या नगरात, सर्वांत वरच्या दर्जाच्या संघात जाऊन पोहोचला.

परंतु तेथे काय घडले? नेमस्त, तयारीचे फलंदाज काय असतात हे त्याला पहिल्याच दिवशी कळले. संघाचा व्यवस्थापक जॉर्ज डेव्हिस हा स्वतः उत्तम फलंदाज होता. त्याने सरावात क्रिस्टीला आपल्यापुढे उभे केले. ज्या मोठ्या बाकदार वळणाच्या चेंडूवर क्रिस्टीने कॉलेजात आणि नॉरफोकमध्ये नाव मिळविले होते, तो डेव्हिसने लीलया दूर टोलविला आणि हा चेंडू येथे चालणार नाही असे बजाविले. मग क्रिस्टीने आपला तो विचित्र चेंडू काढला. तो मात्र डेव्हिसला फटकावता येईना.

या चेंडूतील रहस्य असे. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू सामान्यतः उजव्या फलंदाजापासून दूर जातो. क्रिस्टीचा हा चेंडू उलट त्याच्या अंगावर येत आणि फळीजवळ पोहोचताना एकाएकी खाली बसे, जणू विरून जाई. म्हणून त्याला फेडअवे हे नाव पडले. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना गुगली ठाऊक असेल. हाताची हालचाल एक आणि चेंडूचे वळण भलतेच! आश्चर्य असे, की इंग्लंडात बोझँकेट हा खेळाडू गुगलीचा प्रयोग करीत होता तो याच सुमारास. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. फेडअवे टाकताना मनगट आतल्या बाजूस पिळावे लागे आणि दंड दुखून येई. म्हणून एका सामन्यात दहा-बारांहून अधिक वेळा तो चेंडू टाकायचा नाही, असा क्रिस्टीने नियम केला होता.

पण एका चेंडूने सामने जिंकता येत नाहीत. त्या पहिल्या हंगामात त्याने न्यूयॉर्कसाठी तीन सामने गमावले. एकही जिंकला नाही. जायंट्सनी त्याला नॉरफोकला परत पाठविले आणि दीड हजार डॉलर देण्याचे नाकारले. मग सिनसिनाटीच्या संघाने नियमाप्रमाणे अवघे १०० डॉलर भरून त्याच्यावर हक्क मिळविला आणि डिसेंबर १९०० मध्ये अदलाबदलीत त्याला पुन्हा न्यूयॉर्कला देऊन टाकले. बदल्यात सिनसिनाटीने घेतला एमस रूसी. रूसी हा एके काळचा सर्वांत वेगवान पिचर. पण त्याचा हात आता थकला होता. सिनसिनाटीसाठी तो तीनच सामन्यांत उतरला आणि एकही न जिंकता निवृत्त झाला. मॅथ्यूसनने न्यूयॉर्कसाठी ३७२ सामने जिंकले. बेसबॉलच्या इतिहासात याहून आतबट्ट्याचा सौदा क्वचितच झाला असेल.

न्यूयॉर्कच्या या दुसऱ्या फेरीत क्रिस्टी पूर्वीचा राहिला नव्हता. बाकदार चेंडूचा मोह त्याने सोडला होता. वेग कमी-अधिक करणे आणि चेंडू इंचाइंचाने हव्या त्या जागी टाकणे, यावर त्याने भर दिला. १९०१ मध्ये त्याने २० सामने जिंकले. १५ जुलै रोजी सेंट लुईसच्या संघाला त्याने संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी टोला मारू दिला नाही. कॉलेजची पदवी मात्र राहून गेली ती गेलीच. ती त्याने घेतली असती तर बरे झाले असते, असे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला वाटल्यावाचून राहत नाही.

यानंतरही एक विघ्न आले. १९०२ मध्ये संघाच्या नव्या व्यवस्थापकाने या पिचरला पहिल्या बेसवर उभे करून पाहिले! सुदैवाने त्याच वर्षी जुलैत जॉन मॅक्ग्रॉ हा व्यवस्थापक म्हणून आला आणि त्याने हा प्रकार तत्काळ थांबविला. मॅक्ग्रॉ आणि मॅथ्यूसन यांची जोडी म्हणजे अग्नी आणि उदक. मॅक्ग्रॉ बुटका, तापट. पंचांशी त्याचे रोजचे भांडण. मॅथ्यूसन शांत आणि मितभाषी. तरी या दोघांचे जे मैत्र जमले ते आयुष्यभर टिकले. १९०३ मध्ये मॅथ्यूसनचा जेन स्टॉटन हिच्याशी विवाह झाला, तेव्हा ही दोन्ही कुटुंबे न्यूयॉर्कमध्ये एकाच घरात राहू लागली. घरभाडे मॅक्ग्रॉने द्यावे आणि शिधासामग्री मॅथ्यूसनने आणावी, अशी वाटणी ठरली होती.

१९०३ मध्ये ३०, १९०४ मध्ये ३३ आणि १९०५ मध्ये ३१ अशी मॅथ्यूसनच्या विजयांची कमान चढत गेली. मग १९०५ चा ऑक्टोबर उजाडला. अमेरिकेत दोन मोठ्या लीग आहेत. दोहोंतील विजेते संघ हंगामाच्या अखेरीस एकमेकांशी लढतात आणि त्या मालिकेला जागतिक मालिका म्हणतात. त्या वर्षी न्यूयॉर्कची गाठ फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सशी होती. चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरणार होता. ९ ऑक्टोबर रोजी मॅथ्यूसन मैदानात उतरला. फिलाडेल्फियाला एकही धाव मिळाली नाही. पिचरच्या हाताला प्रत्येक सामन्यानंतर काही दिवसांची विश्रांती आवश्यक असते. पण तीनच दिवसांनी, १२ तारखेला, तो पुन्हा उतरला, पुन्हा शून्य. आणि मध्ये एकच दिवस जाऊ देऊन १४ तारखेला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे २४,००० प्रेक्षकांसमोर, तो तिसऱ्यांदा चेंडू घेऊन उभा राहिला. समोर चीफ बेंडर हा तितकाच कसलेला पिचर होता. न्यूयॉर्कला जेमतेम दोन धावा मिळाल्या. मॅथ्यूसनला त्या पुरेशा झाल्या. सहा दिवसांत तीन सामने, २७ डाव आणि प्रतिपक्षाच्या नावावर एकही धाव नाही! या २७ डावांत त्याने एकाच फलंदाजाला फुकट बेस दिला. जागतिक मालिकेत हा पराक्रम नंतर कोणालाही साधला नाही.

हे त्याला कसे साधले? चेंडूच्या वेगात त्याला मागे टाकणारे पिचर त्या काळीही होते. मॅथ्यूसनचे बळ दोन गोष्टींत होते. पहिली त्याची स्मरणशक्ती. चेकर्स या सोंगट्यांच्या खेळात तो एकाच वेळी अनेकांशी डाव मांडी आणि बहुतेकांना हरवी. तीच बुद्धी तो मैदानावर वापरी. कोणत्या फलंदाजाला कोणता चेंडू खेळता येत नाही, मागच्या वर्षी त्याने कोठे चूक केली, हे सारे त्याच्या डोक्यात नोंदलेले असे. दुसरी गोष्ट शक्तीची काटकसर. सामना सुरळीत चालला असेल तेव्हा तो साधे, नेमके चेंडू टाकी आणि फलंदाजांना मारू देई. झेल घेण्यास सोबती होतेच. प्रतिपक्षाचे गडी बेसवर येऊन उभे राहिले, प्रसंग बाका आला, की मग तो राखून ठेवलेले सारे बळ बाहेर काढी. जॉन व्हीलर या पत्रकाराच्या साहाय्याने त्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पिचिंग इन अ पिंच’ या पुस्तकाचा विषय हाच आहे. १९०८ मध्ये त्याने ३९० डाव टाकले आणि त्यांत केवळ ४२ फुकट बेस दिले. त्या एका वर्षात त्याने ३७ सामने जिंकले. १९१३ मध्ये तर ओळीने ६८ डावांत त्याने एकही फुकट बेस दिला नाही.

आईला दिलेले वचन त्याने पाळले. रविवारी तो चेंडू टाकीत नसे. त्या दिवशी सामना असला तर व्यवस्थापकाने दुसरी सोय करावी, हे ठरलेले होते. हळूहळू लोकांचा या व्यवसायाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटू लागला. आईबाप मुलांना हाताशी धरून सामने पाहण्यास आणू लागले. हा पालट एकट्या मॅथ्यूसनमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कॉलेजातून आलेले इतरही खेळाडू होते. पण लोक उदाहरण म्हणून नाव घेत ते त्याचेच.

अशा या पुरुषाच्या वाट्याला निराशाही मोठमोठ्या आल्या. १९१२ ची जागतिक मालिका बोस्टनविरुद्ध होती. १६ ऑक्टोबर रोजी निर्णायक सामना दहाव्या डावापर्यंत लांबला आणि न्यूयॉर्क एका धावेने पुढे होते. विजय हातातोंडाशी आला होता. इतक्यात स्नॉडग्रास या न्यूयॉर्कच्या खेळाडूच्या हातून एक अगदी सोपा झेल सुटला. त्यानंतर मॅथ्यूसनने, ज्याच्या हातून फुकट बेस जाणे हीच बातमी होती त्या मॅथ्यूसनने, एका फलंदाजाला फुकट बेस दिला. पुढच्याच फलंदाजाचा उंच उडालेला चेंडू तीन खेळाडूंच्या मध्ये पडला. कोणीच झेलला नाही. बोस्टनने दोन धावा काढून मालिका जिंकली. वर्तमानपत्रांनी सारा दोष स्नॉडग्रासच्या माथी मारला आणि तो बिचारा जन्मभर त्याचा धनी झाला. मॅथ्यूसनने आपल्या सोबत्यावर दोषारोप केला नाही. त्या डावात त्याचा स्वतःचाही वाटा होता, हे इतरांपेक्षा तो अधिक ओळखून होता.

वय कोणाला चुकले आहे? १९१६ च्या जुलैत मॅक्ग्रॉने आपल्या मित्राला सिनसिनाटीला जाऊ दिले, कारण तेथे त्याला व्यवस्थापकाची जागा मिळत होती. ४ सप्टेंबर रोजी शिकागो येथे तो अखेरचा सामना खेळला. त्याच्या विरुद्ध उभा होता त्याचा जुना प्रतिस्पर्धी मॉर्डेकाय ब्राउन. त्याचाही तो शेवटचाच सामना. दोघांच्याही हातांतील जादू सरली होती, पण मॅथ्यूसनच्या संघाने तो सामना १०-८ असा जिंकला. सिनसिनाटीसाठी त्याने जिंकलेला तेवढा एकच सामना.

व्यवस्थापक म्हणून त्याची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली. हॅल चेस नावाचा एक अत्यंत कुशल खेळाडू त्याच्या संघात होता. हा मनुष्य जुगाऱ्यांशी संधान बांधून मुद्दाम वाईट खेळतो, असा मॅथ्यूसनला संशय आला आणि ऑगस्ट १९१८ मध्ये त्याने चेसला संघातून काढून ठेवले. पुढे लीगच्या अध्यक्षांसमोर चौकशी झाली, तेव्हा मुख्य साक्षीदार मॅथ्यूसन हजारो मैल दूर फ्रान्समध्ये होता. पुराव्याअभावी चेस सुटला. दुर्दैव असे, की त्याला लगेच आपल्या संघात घेणारा दुसरा कोणी नसून मॅक्ग्रॉच होता! परंतु पुढच्याच वर्षी, १९१९ च्या जागतिक मालिकेत, शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे प्रकरण घडले. त्या मालिकेच्या वेळी ह्यू फुलर्टन या पत्रकाराने आपल्याजवळ बसवून घेतले ते मॅथ्यूसनलाच, आणि संशयास्पद वाटणारी प्रत्येक हालचाल दोघांनी टिपून ठेवली.

तो फ्रान्समध्ये होता तो सैनिक म्हणून. पहिले महायुद्ध चालू होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, घरी पत्नी आणि लहान मुलगा असताना, तो सैन्यात भरती झाला आणि विषारी वायूंच्या विभागात कॅप्टन नेमला गेला. सैनिकांना या वायूंपासून बचाव करण्याचे शिक्षण तेथे दिले जाई. त्या कामात त्याच्याही फुप्फुसांत वायू गेला. मायदेशी परतल्यावर खोकला त्याला सोडीना आणि १९२० मध्ये क्षयाचे निदान झाले. केवळ वायूमुळे क्षय होत नाही, तो जंतूंमुळे होतो. त्याचा भाऊ हेन्री १९१७ मध्ये याच रोगाने गेला होता. वायूने दुबळी झालेली फुप्फुसे या जंतूंना सोपी सापडली असावीत.

क्षयावर त्या काळी औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि थंड, कोरडी हवा एवढाच उपाय. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस डोंगरांत सॅरनॅक लेक हे क्षयरोग्यांचे आरोग्यस्थान होते. तेथे त्याला नेण्यात आले. ज्याच्या हाताने २७ डाव शत्रूला रोखले होते, त्याला कित्येक महिने अंथरुणावर निपचित पडून राहावे लागले. ३० सप्टेंबर १९२१ रोजी पोलो ग्राउंड्सवर त्याच्या मदतीसाठी सामना ठेवला, तेव्हा पावसाने रसभंग केला, तरी सुमारे ५०,००० डॉलर जमले. थोडे बरे वाटताच १९२३ मध्ये त्याने बोस्टन ब्रेव्हज या संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. डॉक्टरांना हे पसंत नव्हते. तब्येत पुन्हा ढासळली आणि ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सॅरनॅक लेक येथे त्याचे निधन झाले.

त्याच दिवशी पिट्सबर्ग येथे जागतिक मालिकेचा पहिला सामना झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळ्या फिती बांधून मैदानात आले आणि ध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला. मॅथ्यूसनला त्याच्या विद्यापीठाच्या गावी, लुईसबर्ग येथे, मूठमाती देण्यात आली. १९३६ मध्ये बेसबॉलच्या सन्मानमंदिरासाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. त्यांपैकी तो सन्मान पाहण्यास हयात नव्हता तो एकटा मॅथ्यूसनच.

त्याच्या विजयांच्या आकड्याचीही एक कथा आहे. तो वारला तेव्हा दप्तरात त्याच्या नावावर एकूण ३७२ विजय होते. १९२९ मध्ये ग्रोव्हर अलेक्झांडर या थोर पिचरने आपला ३७३ वा सामना जिंकला आणि मॅथ्यूसनला मागे टाकले म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. अलेक्झांडर त्यानंतर एकही सामना जिंकला नाही. पुढे काही वर्षांनी जुनी दप्तरे तपासताना मॅथ्यूसनचा एक विजय मोजावयाचा राहून गेला होता असे आढळले. चूक दुरुस्त करण्यात आली आणि नॅशनल लीगच्या यादीत दोघांची नावे ३७३ या एकाच आकड्यासमोर शेजारी शेजारी लिहिली गेली. ती अजूनही तशीच आहेत.